गावाचे विशेषण

गावाच्या नावापासून तयार झालेली विशेषणे भाषेत मोठ्या चिकाटीने टिकून राहतात. पैठणची साडी ती पैठणी आणि कोल्हापूरची चप्पल ती कोल्हापुरी. काळाच्या ओघात साडी आणि चप्पल हे शब्द गळून पडले. विशेषण तेवढे उरले आणि तेच नाम होऊन बसले. वस्तू दूरदूरच्या घरांत जाते, ती वापरणाऱ्यांनी ते गाव पाहिलेलेही नसते, तरी ज्या हातांनी ती घडवली त्यांच्या गावाची खूण तिच्या नावात राहते. बोलण्याचे मात्र असे नसते. गावाची वस्तू अभिमानाने मिरवणारी माणसे त्याच गावाचा उच्चार ऐकून हसू शकतात.

वऱ्हाडातील एका खेड्यातून शिक्षणासाठी पुण्याला आलेल्या मुलीला याचा अनुभव पहिल्याच आठवड्यात आला. वसतिगृहाच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत वाचत बसली असता ती सहज बोलून गेली, "डोये दुखून राहिले." खोलीतल्या दोघी मुली खळखळून हसल्या. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत कोणीतरी "काय गं, डोये कसे आहेत?" असे विचारले, तिसऱ्या दिवशी आणखी कोणी, आणि महिनाभरात तो शब्द तिचे टोपणनाव झाला. मुलगी हुशार होती. तिने भांडण केले नाही; बोलणे कमी केले. वाक्य मनात आधी तपासून घ्यावे, त्यातला 'ळ' नीट जागच्या जागी आहे ना हे पाहावे आणि मगच तोंड उघडावे, अशी सवय तिने लावून घेतली.

घरी तिची आजी होती. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले होते आणि एका डोळ्याची शस्त्रक्रिया अमरावतीला व्हायची होती. आजीचा फोन आला की मुलगी खोलीबाहेर, गॅलरीच्या टोकाला जाई. एकदा पाऊस असल्यामुळे तिला खोलीतच बोलावे लागले. तिने खालच्या आवाजात विचारले, "आजी, तुझे डोळे कसे आहेत?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आजी म्हणाली, "असी पुस्तकावानी काहून बोलून राह्यली वं?" मुलीला उत्तर देता आले नाही. नातीचा प्रश्न आजीपर्यंत पोहोचला होता, परंतु विचारणारी नात तिला ओळखू आली नव्हती.

त्याच सुमारास महाविद्यालयात तिचा फ्रेंचचा वर्ग सुरू झाला. एखादी परकी भाषा शिकताना सगळेच चुकतात, म्हणून त्या तासाला तिला मोकळे वाटे. तिथे पुण्याच्या मुलीही अडखळत आणि वऱ्हाडची मुलगीही अडखळे. एके दिवशी बाईंनी गावांच्या नावांवरून होणारी विशेषणे शिकवायला घेतली. मराठीत बहुतेक ठिकाणी 'ई' किंवा 'कर' लावला की काम भागते. फ्रेंचमध्ये प्रत्यय अनेक. पॅरिसचा तो 'पारिझियँ', रोमचा तो 'रोमँ', आणि मार्सेय शहराचा तो 'मार्सेये'. या शेवटच्या शब्दाचा प्रत्यय लॅटिन 'एन्सिस'पासून आला आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षे ग्रीक खलाशांनी भूमध्य समुद्राच्या काठी मस्सालिया नावाची वसाहत वसवली. रोमन लोकांनी तिला मस्सिलिया म्हटले आणि तिथल्या माणसाला मस्सिलिएन्सिस. जिभेवर शतकानुशतके झिजत झिजत त्या लांबलचक शब्दाचे तीन अक्षरांचे 'मार्सेये' झाले.

बाईंनी तो शब्द फळ्यावर रोमन लिपीत लिहिला आणि मुलींना वाचायला सांगितला. कोणी 'मार्सेइल्लाइस' असे वाचले, कोणी 'मार्सेलेस'. बाई म्हणाल्या, "डोळ्यांनी वाचू नका, कानांनी वाचा." मग त्यांनी शब्दाची फोड दोन प्रकारे करून दाखवली. छापताना ओळीच्या शेवटी हा शब्द तोडावा लागला तर तो दोन 'ल'च्या मधोमध तोडतात. एक 'ल' वरच्या ओळीत राहतो, दुसरा खालच्या ओळीत जातो. हा छापखान्याचा नियम. जीभ हा नियम पाळत नाही. बोलताना तिथे एकही 'ल' नसतो. दोन 'ल' आणि त्यांच्या आधीचा 'इ' मिळून एक 'य' होतो, आणि फ्रेंचच्या रीतीप्रमाणे दोन स्वरांमधले व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते. म्हणून अक्षरे पडतात ती अशी : मार्‑से‑ये. शेवटचा 'स' लिहिला जातो, पण बोलला जात नाही. शेवटच्या अक्षरावर आवाज किंचित रेंगाळतो. प्रमाण उच्चारात त्या अक्षरातला स्वर 'ए' आणि 'ॲ' यांच्या मधला, थोडे अधिक तोंड उघडून काढायचा असतो.

एका मुलीने शंका काढली, की जे बोलायचे नाही ते लिहायचे कशाला? बाईंनी देवनागरीत 'मार्ग' हा शब्द लिहिला. उच्चारताना 'र्' हा 'मा'ला चिकटतो : मार्‑ग. लिहिताना मात्र त्याचा रफार होऊन तो पुढच्या 'ग'च्या डोक्यावर जाऊन बसतो. लिहिण्याची फोड आणि बोलण्याची फोड या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाने फ्रेंचांना विचारायची गरज नाही. त्याच्या स्वतःच्या लिपीतच ते आहे.

त्यानंतर त्यांनी विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप सांगितले. शब्दाच्या शेवटी एक 'इ'चे चिन्ह जोडले जाते. ते स्वतः जवळजवळ मुके; पण त्याच्या येण्याने इतका वेळ झोपलेला 'स' जागा होतो आणि 'झ'सारखा उच्चारला जातो : मार्‑से‑येझ. "म्हणजे 'ला मार्सेयेझ'," बाई म्हणाल्या, "फ्रान्सचे राष्ट्रगीत."

मुलीने मार्सेय हे नाव पुन्हा पुन्हा मनात घोळवले. शहराचे वर्णन तिला ओळखीचे वाटत होते : भूमध्य समुद्र, फ्रान्सचे दक्षिणेकडील मोठे बंदर. तासाच्या शेवटी तिने भीत भीत विचारले, "बाई, मार्सेलिस ते हेच का?" ते हेच होते. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीतून कैदी म्हणून हिंदुस्थानात आणले जात असताना विनायक दामोदर सावरकरांनी जिथे समुद्रात उडी घेतली, ते मार्सेलिस. मराठी मुले हे नाव लहानपणापासून ऐकतात. पण मराठीने ते फ्रेंच माणसाच्या तोंडून ऐकलेले नाही. इंग्रजांनी त्या शहराच्या नावाला लिहिताना शेवटी एक 'स' जोडला होता, आणि मराठीने ते इंग्रजी लेखन पाहून एकेक अक्षर निष्ठेने उच्चारले. ज्या 'ल'ला आणि ज्या 'स'ला त्या गावात कोणी बोलत नाही, ते दोन्ही मराठीत ठणठणीत आवाजात नांदत आहेत. हे चूक म्हणावे, तर सारा महाराष्ट्र चुकतो आहे; आणि त्यावर कोणी हसत नाही. मुलीच्या मनात ही गोष्ट कुठेतरी नोंदली गेली. सगळे मिळून चुकले की त्याला रूढी म्हणतात, एकटे कोणी चुकले की त्याला गावंढळ म्हणतात.

त्या शब्दाने तिला पकडून ठेवले. ग्रंथालयात जाऊन तिने राष्ट्रगीताची हकिगत वाचली, तेव्हा पहिलेच आश्चर्य वाट्याला आले. हे गीत मार्सेयमध्ये लिहिले गेलेच नव्हते. २० एप्रिल १७९२ रोजी फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले. त्यानंतर पाचच दिवसांनी, २५ एप्रिलच्या रात्री, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात रुजे द लील नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ते रचले. त्याने त्याला ऱ्हाईन नदीवरील सैन्याचे युद्धगीत असे नाव दिले होते. पुढे ते दक्षिणेत पोहोचले. त्याच वर्षी जुलै महिन्यात मार्सेयहून सुमारे ५०० स्वयंसेवक पायी पॅरिसला निघाले आणि वाटेतल्या गावागावांतून हे गीत गात गेले. महिनाअखेरीस ते राजधानीत शिरले, तेव्हा पॅरिसच्या लोकांनी ते गीत त्यांच्या तोंडून ऐकले आणि त्याला मार्सेयवाल्यांचे गीत म्हटले. १४ जुलै १७९५ रोजी त्याला राष्ट्रीय गीताचा मान मिळाला. मधल्या राजवटींत तो मान गेला आणि १८७९ मध्ये पुन्हा आला. कवीचे नाव गीताला मिळाले नाही, जिथे ते रचले त्या शहराचेही मिळाले नाही. पैठणीप्रमाणे इथेही नाम गळून पडले आणि विशेषण उरले. आणि ते विशेषण मिळाले गाणाऱ्यांना, त्यांच्या गळ्याला.

तो गळा कसा असेल? त्या काळी मार्सेयच्या सामान्य लोकांची घरची भाषा प्रोव्हान्साल होती. फ्रेंच ही त्यांची शिकलेली भाषा. ज्या गीताने पॅरिस भारून गेले, ते राजधानीच्या कानांना अनोळखी वाटणाऱ्या उच्चारांत तिथे आले होते.

दुसरे आश्चर्य शब्दाच्या लेखनात होते. १७९२ साली छापलेल्या पत्रकांत हा शब्द आजच्यासारखा लिहिलेला नाही. तेव्हा त्याच्या शेवटी 'ओइस' अशी अक्षरे लिहीत आणि उच्चार मात्र 'ए'च्या जवळचा करीत. 'फ्रान्सचा' या अर्थाचा 'फ्रांसे' हा शब्दही तसाच लिहिला जाई. हे लेखन बदलून उच्चाराला धरून करावे, असा आग्रह व्होल्तेरने धरला होता. फ्रेंच अकादमीने तो आपल्या शब्दकोशाच्या १८३५ च्या आवृत्तीत मान्य केला. व्होल्तेर १७७८ मध्येच वारला होता. जीभ पुढे गेली, लेखणी तिच्या मागून चालत आली आणि अकादमी सर्वांत शेवटी पोहोचली.

तिसऱ्या आश्चर्यापाशी मात्र मुलगी वाचता वाचता थांबली. त्या दोन 'ल'चा आजचा 'य' हा मूळचा नव्हता. पूर्वीच्या शिष्ट उच्चारात तिथे जीभ टाळूला सपाट टेकवून काढलेला 'ल्य'सारखा ध्वनी होता. फ्रेंच व्याकरणकार त्याला ओला 'ल' म्हणत. पॅरिसच्या सामान्य लोकांनी जीभ टाळूपर्यंत न्यायचे हळूहळू सोडून दिले. ती टेकता टेकता राहिली आणि मागे उरला नुसता 'य'. विद्वानांना हे अशिष्ट वाटले. एमिल लित्रे याने १८६३ ते १८७२ या काळात आपला प्रसिद्ध शब्दकोश प्रकाशित केला. त्यात अशा अनेक शब्दांपाशी ओला 'ल' उच्चारावा, 'य' उच्चारू नये, असे तो बजावतो. पण त्याचा शब्दकोश कपाटात राहिला आणि 'य' रस्त्यावर चालत राहिला. आज जो 'मार्सेये' असे म्हणतो तो शुद्ध बोलतो. ओला 'ल' उच्चारणारा प्रमाण फ्रेंचमध्ये कोणी उरला नाही.

मुलीने पुस्तक मिटले. 'ळ' उच्चारताना जीभ मागे वळते आणि टाळूला टेकते. वऱ्हाडात ती टेकता टेकता राहते आणि 'य' उरतो. शाळेची शाया होते, केळीची केयी होते, डोळ्यांचे डोये होतात. फ्रेंचमधला मूळ ध्वनी वेगळा होता हे खरे. पण जिभेने सोडून दिलेला स्पर्श एकच आणि मागे उरलेला 'य'ही एकच. तिथे बदल राजधानीत झाला, म्हणून तो शब्दकोशात गेला. इथे तो खेड्यात झाला, म्हणून त्याचे टोपणनाव झाले. एक उच्चार शुद्ध आणि दुसरा अशुद्ध, हा निवाडा जिभेने केलेला नाही. जीभ कोणत्या गावात आहे, यावरून तो ठरला आहे.

पुढच्या तासाला तिने हे सारे बाईंना सांगितले. अर्थात शायेचे आणि डोयांचे सोडून. बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, गोष्ट तिथेच संपत नाही. मार्सेयची माणसे स्वतः हा शब्द कसा म्हणतात, ते ऐकलंस का?"

त्यांनी एक ध्वनिमुद्रण ऐकवले. मार्सेयच्या जुन्या वळणाच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचे ते मुके चिन्ह मुके नसते. ते हलक्या 'अ'सारखे ऐकू येते. पॅरिसचा माणूस शहराचे नाव दोन अक्षरांत संपवतो : मार्‑सेय. मार्सेयचा माणूस तेच नाव तीन अक्षरांत म्हणतो : मार्‑से‑य, आणि शेवटचा 'य' पुरा उच्चारतो. स्त्रीलिंगी विशेषणाची पॅरिसमध्ये तीन अक्षरे होतात, मार्सेयमध्ये चार : मार्‑से‑ये‑झ. पुल्लिंगी रूपाचा शेवटचा स्वरही तिथे अधिक मिटलेला, थेट आपल्या 'ए'सारखा असतो. ज्या शहराच्या नावाने राष्ट्रगीत ओळखले जाते, त्या शहराचा स्वतःच्या नावाचा उच्चार प्रमाण मानला जात नाही. नाटकात, चित्रपटात हा उच्चार पुष्कळदा हसवण्यासाठी वापरला जातो. दक्षिणेकडील वळण घेऊन राजधानीत आलेल्या तरुणांना ते सोडण्याचा सल्ला मिळत आला आहे. हे दुखणे इतके खरे आहे, की फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने २६ नोव्हेंबर २०२० रोजी, बोलण्याच्या वळणावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचे एक विधेयक पहिल्या वाचनात संमत केले.

"आणि गंमत पाहा," बाई पुढे म्हणाल्या, "फ्रेंच लोक गाताना काय करतात?" गाताना आणि जुन्या वृत्तांतली कविता म्हणताना फ्रेंचमधली ही मुकी अक्षरे पुष्कळ ठिकाणी पुन्हा बोलू लागतात, सुराला टेकायला स्वर लागतो. मराठीतही हेच घडते. बोलताना 'राम' हा शब्द 'राम्' असा तोडला जातो. पण वृत्तात बसवताना, अभंगाच्या चालीवर म्हणताना त्यातला शेवटचा 'अ' परत येतो आणि शब्दाची दोन पूर्ण अक्षरे होतात. बोलण्याने जे गमावले ते गाणे जपून ठेवते. म्हणून पॅरिसमध्ये, एखाद्या सोहळ्यात किंवा मैदानावर हजारो माणसे उभी राहून राष्ट्रगीत गातात, तेव्हा एरवी गिळून टाकलेली ती अक्षरे त्यांच्याही तोंडी येतात. बोलताना ज्या सवयीला सारे हसतात, ती गाताना साऱ्यांची होते.

वर्ग संपला. मुली बाहेर पडल्या. बाईंनी तिला थांबवून विचारले, "तू कुठली?" तिने गावाचे नाव सांगितले, मग ते कोणाला ठाऊक नसते म्हणून सवयीने पुढे जोडले, "रिद्धपूरच्या जवळ." बाई हसल्या, पण हे हसणे वेगळे होते. "म्हणजे लीळाचरित्राचं रिद्धपूर!" त्या म्हणाल्या. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून लिहिल्या आणि मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीच्या थोरवीचा पुरावा द्यायचा झाला की आधी त्या मातीकडे बोट दाखवले जाते. मुलीने हे शाळेत वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण तो ग्रंथ जिथे सिद्ध झाला, ती माती आणि आपल्या तोंडातला 'य' एकाच मुलखातले आहेत, हे तिच्या मनात आजवर एकत्र आले नव्हते.

प्रमाणभाषेची गरज तिला ठाऊक होती. चंद्रपूरच्या आणि चिपळूणच्या माणसाला एकच पाठ्यपुस्तक वाचता यावे, बडोद्याच्या आणि तंजावरच्या मराठी कुटुंबांना एकमेकांची पत्रे समजावीत, यासाठी सर्वांनी मान्य केलेले एक लेखन लागते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती 'डोळे' असेच लिहिणार होती. छापखान्याने शब्द दोन 'ल'च्या मध्ये तोडावा, त्याला कोणाची हरकत नाही. हरकत एवढीच, की छापखान्याचा नियम आजीच्या जिभेला लावू नये.

आठवड्याने आजीची शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी फोन वाजला, तेव्हा खोलीत दोघी मैत्रिणी होत्या आणि बाहेर पाऊस नव्हता. मुलगी उठली, गॅलरीच्या दारापर्यंत गेली आणि परत येऊन आपल्या खाटेवर बसली.

"आजी, तुहे डोये कसे आहेत?"

खोलीतली एकजण हसू लागली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प झाली. पलीकडून आजी सांगत होती, की पट्टी उद्या निघणार आहे, दुखत काही नाही, आणि डॉक्टर पोरगा मोठा गुणाचा आहे. बराच वेळ ती सांगत राहिली. शेवटी तिने विचारले, "तू काय शिकून राह्यली वं तिकडे?"

मुलगी म्हणाली, "एका गावाचं नाव कसं घ्यायचं, ते शिकून राहिली, आजी."